लसविरोधीच्या हातची रोटी

रिसाली, भिलाई
८ मार्च २०२५

कांताबाई,

पाया पडतो. इथूनच पडतो, कारण गुडघे आता तुमसरपर्यंत येत नाहीत. फोन करून फायदा नाही, तुले ऐकू येत नाही. मोबाइलवर लिहावं तर तुझी सून आधी वाचते. आज जे लिहून राहिलो ते सुनेने वाचण्यासारखं नाही, म्हणून हे पाकीट.

बाई, शामसुंदर सापडला.

तुले सारं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण सांगताना मले बरं वाटते. कोरोनात तुझ्या भावजयीने, शकूने, पहिली सुई घेतली अन् तिचं तोंड सुजलं, ओठ सुजले, गळा बसला. डॉक्टर म्हणाले, दुसरी आत्ता नको, तपासण्या होऊ द्या. आम्ही थांबलो. एवढीच गोष्ट. पण आपल्या समाजाच्या मंडळाचा सेक्रेटरी शामसुंदर पडला आमचा शेजारी. त्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं : तेजरामचं घर लसविरोधी आहे, सर्वांनी सांभाळून राहावे.

तोवर रिसालीत हा शब्द कोणाच्या तोंडात नव्हता. सुईले भिणारे होते, टाळणारे होते, उद्या येतो म्हणून मागच्या दाराने पळणारे होते. लसविरोधी कोणी नव्हता. याने तो टीव्हीवरून उचलला अन् माझ्या फाटकावर पाटीसारखा ठोकला.

माझं काही बिघडलं नाही. तुमसरहून एक उसना भोंगा घेऊन आलेला माणूस मी, आज टेंट हाऊस आहे, दोन ट्रक आहेत. मंडप पाहिजे असला की लोक मंडपवाल्याले सुई विचारत नाहीत. पण शकू. भिलाई-३ पासून अहिवाऱ्यापर्यंत आपल्या लोकांचं लग्न निघालं की लांब रोटी शकूचीच. चुलीवर उपडं मडकं अन् तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत लोंबणारी ती ओली कणीक, पाहायले पोरं उभी राहायची. मंडळाचे अध्यक्ष भय्याजी, त्यांच्या पोरीच्या लग्नात तिने रोट्या केल्या. शामसुंदर पहिल्या ओळीत होता. त्याने ताटातली रोटी दोन बोटांनी बाजूले सारली. मग त्याच्या शेजारच्याने सारली. मग ओळीने सगळ्यांनी. शकू पडद्याआडून पाहत होती. तो पडदाही माझ्याच टेंट हाऊसचा, बाई.

पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, तिने दुसरी सुईही घेतली. ते ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. मडकं तेव्हापासून कोठीत आहे.

आता ऐक. आमची अन् शामसुंदरची भिंत एक. तो स्टील प्लांटातून चार्जमन होऊन रिटायर झाला, त्याचे कान मिलच्या आवाजात गेले. माझे कान माइकच्या शिट्ट्या ऐकून तयार झाले. त्याच्या सुनेची, रीनाची, फोडणी मले भिंतीतून रोज ऐकू येते. सकाळी जिऱ्याची, संध्याकाळी लसणाची. आठवडा झाला, फोडणी बंद आहे. आधी वाटलं गॅस संपला. तर कुकरच्या शिट्ट्या होऊन राहिल्या. म्हणजे शिजते सारं, पण तडतडत काही नाही. तूच सांग, आपल्या लोकांच्या घरात चूल चालू अन् फोडणी बंद, असं कधी होते? घरात माता येते, पोराले गोवर-कांजण्या निघतात तेव्हा.

दाराले मात्र कडुनिंबाचा डहाळा नाही. म्हणजे आत लावला. लपवला. कावून लपवला, ते मले काल कळलं. चहाच्या टपरीवर रुक्मा भेटली. ती इथली मितानिन, तुमच्याकडे जिले आशाताई म्हणतात. सहज विचारलं की शामसुंदरच्या नातीचे टीके झाले का. ती म्हणाली, "मोला दुआरी ले लहुटा दिन, भइया." दारातूनच परत पाठवलं. ती दीड वर्षाची भूमिका, तिले पहिल्या सुईनंतर ताप आला होता. आजोबांनी तिथूनच सुया बंद केल्या. गोवराची लागलीच नाही.

ज्याने शब्द आणला, त्याच्याच घरात तो पाय पसरून बसला आहे.

पाडव्याले मंडळाचं संमेलन. शामसुंदर अध्यक्षपदाले उभा आहे. मंडप माझा, माइक माझा. आता मी काय करणार ते तुले सांगायची गरज नाही.

तुझा
तेजराम

तुमसर
१३ मार्च २०२५

तेजू,

पत्र मिळालं. सुनेने पाकीट उजेडात धरून पाहिलं, पण तू कागद चार पदरी घातला होतास, तिचं काही चाललं नाही.

शामसुंदरचा राग मलाही आहे. त्या लग्नात मी होते. सगळ्यांनी रोट्या सारल्या तेव्हा मी दोन खाल्ल्या, नको असताना तिसरी मागितली. म्हणून मी त्याची बाजू घेते असं समजू नकोस.

पण तू ज्या शब्दाने त्याला मारायला निघालास, तो मी तुझ्यापेक्षा जुना ओळखते. अंगणवाडी चालवली मी. बाजाराच्या दिवशी एक धडधाकट गृहस्थ माझ्या केंद्रासमोर उभा राहायचा आणि सुईला आलेल्या आयांना परत पाठवायचा, पोरं वांझ होतील म्हणून सांगायचा. स्वतःची पोरं मात्र भंडाऱ्याला नेऊन टोचून आणली होती त्याने. त्याला म्हणावं लसविरोधी. त्याच गावात एक बाई होती, सुईचं नाव काढलं की गोठ्यात लपायची. तिला मी तीन वेळा जाऊन गोठ्यातून काढलं, चहा प्यायले तिच्याकडे, चौथ्या वेळी तिने स्वतःच पोर पुढे केलं. तिला मी हा शब्द लावला असता तर ती आजही गोठ्यातच असती.

आता शकू. ती घाबरली, डॉक्टरांचं ऐकून थांबली. तिला हा शब्द लागत नाही, यावर तुझं माझं भांडण नाही. पण नातीला ताप आला म्हणून जो आजोबा थांबला, त्याला तो कसा लागतो? त्याने डॉक्टरला विचारलं नाही, ही त्याची चूक. मोठी चूक. पण शब्द तो नाही. तू त्याला लावलास तर रिसालीत त्या शब्दाचा अर्थ शामसुंदरने केला तोच कायम होईल.

असो. तू ऐकणार नाहीस, तुला मी लहानपणापासून ओळखते. एक मात्र सांग. ती पोरगी रडते का? रडते तर कशी? तुझे कान मोठे, म्हणून विचारते. लगेच लिही.

कांता

रिसाली
१८ मार्च २०२५

कांताबाई,

तू तराजू घेऊन बसलीस. माझ्यापाशी तराजू नाही, भोंगा आहे. शकूले शब्द लावताना शामसुंदरने कुठे वजन केलं होतं?

मी भाषण बसवून ठेवलं आहे. भाषण कसलं, चार वाक्यं. आधी मंडळाचे आभार. मग शामसुंदरभाऊच्या कामाची तारीफ, मनापासून, म्हणजे तो खुर्चीवर जरा ताठ होऊन बसेल. मग म्हणीन की भाऊंनी आपल्याले एक नवा शब्द शिकवला, त्याचा अर्थ आज मी त्यांच्याच घरातून समजावून सांगतो. मग रुक्माले बोलावीन. शिव्या नाही, आवाज चढवणं नाही. गोड बोलून. त्याचं तोंड कसं होईल ते मी रोज दाढी करताना आरशात करून पाहतो. काल हसताना गाल कापला.

शकूले यातलं काहीच माहीत नाही. तिच्यासाठी पाडव्याची भेट ठेवली आहे. ती आजकाल गप्प आहे, सारखी मागच्या अंगणात जाऊन उभी राहते. उन्हाचे दिवस, झाडाखाली बरं वाटत असेल.

पोरीचं विचारलंस. रडते. आधी खणखणीत रडायची, माझा चहा सांडेल अशी. आता बारीक झाली. ओलं लाकूड जळताना कसं सूं-सूं करते, तसा श्वास अन् मधून एखादं कण्हणं. म्हणजे उतरून राहिली असेल. फोडणी मात्र अजून बंदच आहे. माता इतके दिवस कोणाच्या घरी मुक्काम करते, मले काही समजलं नाही.

खुर्च्या लावायचं ठरलं. शामसुंदरची पहिल्या ओळीत, बरोबर मधे.

तेजराम

तुमसर
२० मार्च २०२५

तेजू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शेजारचे प्रितमराव रेल्वेत आहेत, ड्यूटीवर दुर्गला निघालेत. ते तुझ्या हातात देतील. वाचून त्यांना पाणी विचार आणि लगेच ऊठ.

रडणं बारीक झालं म्हणजे उतरलं असं नसतं, वेड्या. श्वासात सूं-सूं आली म्हणजे गोवर छातीत गेला. मी अशी पोरं पाहिली आहेत. रडायचं बळ राहत नाही, म्हणून गप्प होतात. घरचे म्हणतात, माता शांत झाली.

तुला तिकडे समजलं नाही ते मला इथे बसून समजलं. ते लोक तिला दवाखान्यात का नेत नाहीत? एक तर मातेला औषध चालत नाही म्हणतील. पण खरं कारण ते नाही. दवाखान्यात पहिला प्रश्न सुईचा विचारतात. गोष्ट बाहेर फुटेल, तोंडावर पाडवा आहे, आणि त्या शब्दाने माणसाचं काय होतं ते शामसुंदरपेक्षा कोणाला जास्त माहीत आहे? त्याने ते शकूवर करून पाहिलं आहे. तो स्वतःच्याच शब्दाला भिऊन दार लावून बसला आहे. आणि भिंतीच्या अलीकडे तू पाडव्याची वाट पाहत बसला आहेस.

मी तुला माफ कर म्हणत नाही. सूड घे. पण आज घे. पाडव्याला माइक हातात घेशील तेव्हा भिंतीपलीकडे ती पोरगी पाहिजे. नाही तर तू काय बोलशील?

कांता

रिसाली
२४ मार्च २०२५

कांताबाई,

पोरगी आहे. आधी ते लिहितो, मग बाकीचं.

प्रितमराव दुपारी आले. मी उभ्याउभ्या वाचलं. त्यांना पाणी शकूनेच दिलं असावं, मले आठवत नाही. मी भिंतीले कान लावला. सूं-सूं होती, पण दोन श्वासांच्या मधे आता जागा पडून राहिली होती.

सरळ त्याच्या दारात गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. शामसुंदर बनियनवर बाहेर आला अन् दाराच्या मधोमध उभा राहिला. म्हटलं, पोरीले दवाखान्यात घे. तो म्हणे, कोणती पोरगी, काही झालं नाही. म्हटलं, मले फोडणी ऐकू येते, भाऊ, अन् फोडणी नसली तर तेही ऐकू येते. त्याचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाला, "माता आहे. जाईल उतरून. आत्ता नेलं तर सारं रिसाली म्हणेल..." अन् थांबला.

"काय म्हणेल?" मी विचारलं.

त्याले तो शब्द तोंडातून काढता येईना. बाई, खोटं कावून बोलू, त्या क्षणाची मी आरशात पाहून पाहून तयारी केली होती, अन् तो असा फुकट दारात भेटला. जरा वेळ पाहून घेतलं. मग म्हटलं, "ट्रकवर भोंगा बांधलेला आहे. पोरीले घेऊन बाहेर ये. नाही तर काय म्हणायचं ते मीच म्हणतो."

त्याने दार लावलं.

मी ट्रक त्याच्या फाटकापुढे आडवा लावला अन् माइक चालू केला. "हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग." गल्लीत खिडक्या उघडल्या. "रिसालीवासीयांना नमस्कार. मंडळाचे सेक्रेटरी शामसुंदरभाऊ यांच्या घरून एक महत्त्वाची सूचना." एवढंच बोललो. दार उघडलं अन् रीना पोरीले छातीशी धरून धावत आली, पायात चप्पल नाही. तिच्यामागे शामसुंदर. अन् त्यांच्याही आधी, माझ्या फाटकातून, चादर अन् पाण्याची बाटली घेऊन शकू. तयार बसल्यासारखी. ट्रकमधे चढून रीनाजवळ बसली अन् मले म्हणाली, "बोलणं झालं असेल तर गाडी चालवा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिले तेच विचारलं, "बच्ची को टीका लगा है?" रीना खाली पाहत होती. मी शामसुंदरकडे पाहत होतो. त्यालेच म्हणावं लागलं, "नहीं लगा. मैंने मना किया था." डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून घेतलं. शब्द-बिब्द काही नाही. पोरीले आत घेतलं, ऑक्सिजन लावला. छातीत न्यूमोनिया निघाला. म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. आज ती दूध प्यायली. मी बाहेरच्या बाकावर होतो, मले तिचं रडणं ऐकू आलं. खणखणीत.

आता तुझ्या भावाची फजिती ऐक. येताना मी शकूले विचारलं, तुले कसं माहीत? म्हणाली, "कडुनिंब कोणाचा आहे?" या गल्लीत कडुनिंबाचं झाड एकच, आमच्या मागच्या अंगणात. रीना पहिल्या दिवसापासून पाला मागायले तिच्याकडे येत होती. शकू तिले रोज सांगत होती की दवाखान्यात ने, अन् ती रोज सासऱ्याचं नाव सांगून रडत होती. मी इकडे भिंतीले कान लावून बसलो अन् माझ्याच अंगणात हे चालू होतं. म्हटलं, मले कावून नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही माइक घेऊन पळाले असते म्हणून."

पळालोच ना शेवटी.

शामसुंदरने हात जोडले. मी जोडले नाहीत. पोरगी वाचली, ते वेगळं. पडद्याआडून शकू पाहत होती, तेही वेगळं. पाडव्याचं माझं भाषण मी अजून खोडलेलं नाही.

तेजराम

तुमसर
२७ मार्च २०२५

तेजू,

वाचून जेवले. सकाळपासून जेवले नव्हते.

भाषण खोडू नकोस, पण म्हणण्याआधी एकदा शकूला विचार. रोटी तिची सारली होती. सूड तू घेऊन राहिलास. चार वर्षांत तिला काय पाहिजे ते तू विचारलं नाहीस, मीही नाही.

कांता

रिसाली
१ एप्रिल २०२५

कांताबाई,

विचारलं. तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, जसं काही तयारच होतं. म्हणाली, भाषण-बिषण काही नको. मंडळाले सांगा की पाडव्याच्या पंगतीत लांब रोटी मी करते. पहिल्या ओळीत शामसुंदरभाऊ पाहिजेत. त्यांना मीच वाढीन.

मंडळात कुजबुज झाली, पण मंडप लागला होता अन् दुसरा रोटीवाला कोणाकडे नव्हता. शामसुंदरने उभं राहायचं सोडलं, भय्याजीच अध्यक्ष राहिले. मले वाटलं तो पंगतीलेही येणार नाही. आला. रीनाने आणला. भूमिका तिच्या कडेवर होती, अंगावरचे डाग अजून गेले नाहीत, पण डोळे सगळीकडे फिरवत होती.

शकूने मडकं घासूनपुसून चुलीवर ठेवलं. चार वर्षांनी. मी लांबून पाहत होतो, पहिली रोटी फाटली. दुसरी नाही फाटली. तिसरी तिने हातावर अशी झुलवली की आचारी काम सोडून उभे राहिले.

पंगत बसली. शकू रोटी घेऊन सरळ शामसुंदरपुढे गेली. ती म्हणाली, "भाऊ, लसविरोधीच्या हातची आहे. चालते काय?"

तो खाली पाहून म्हणाला, "चालते, वहिनी."

"मागच्या ओळीले ऐकू नाही गेलं."

बाई, तुझ्या भावाले याहून मोठं बोलावणं काय पाहिजे? मी माइक घेऊन गेलो अन् त्याच्या तोंडापुढे धरला. चालू करून. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग भोंग्यातून त्याचा आवाज आला, पार टाउनशिपच्या सेक्टरपर्यंत गेला असेल : "चालते. माझ्या नातीच्याही सुया मी बंद केल्या होत्या. हा शब्द मी लावायले नको होता. कोणालेच."

शेवटचं "कोणालेच" मले आवडलं नाही. ते तुझ्या पत्रासारखं वाटलं. पण ऐकू सगळ्यांना गेलं.

मग शकूने वाढली. त्याने खाल्ली. शेजारच्याने मागितली, ओळीने सगळ्यांनी मागितली, मागच्या ओळीतून ताटं वाजवून राहिले. शकूने मात्र शामसुंदरचा पाटच सोडला नाही. एक झाली, दुसरी टाकली. तो नको म्हणून हात आडवा करी, ही हाताच्या खालून सरकवी. "अहो घ्या, पाडवा आहे, असं कसं." एवढी मोठी रोटी, धट्टाकट्टा माणूस दोनमधे उठतो. तिसरीले त्याले घाम सुटला. चौथी वाढली तेव्हा मी माइक बंद केला होता तरी त्याचं गिळणं मले ऐकू येत होतं. आग्रह करणाऱ्याले नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही, अन् ते शकूले बरोबर माहीत होतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे लसूण तडतडला. मी खाटेवर पडून ऐकलं. रुक्मा पुढच्या आठवड्यात येऊन राहिलेल्या सुयांचं ठरवणार आहे, दार उघडं राहील म्हणून रीनाने सांगितलं.

मले विचारशील तर मन अजून पूर्ण भरलं नाही. पण शकू गुणगुणत भांडी घासून राहिली. खाली तिले दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते.

तेजराम

कांताबाई, नमस्कार. यांनी लिहिलं ते बरोबर आहे, पण यांचे कानच मोठे, बाकी काही दिसत नाही. पहिल्या तीन रोट्या सगळ्यांसारख्याच होत्या. चौथी मी मुद्दाम जाड ठेवली, अन् मधे कच्ची. खाल्ली त्यांनी. पूर्ण. मी उभी राहून पाहिलं.

शकू